हळदीचे पाच हात

मी मुसळ बोलतोय. कोपऱ्यात उभ्यानं झोपतो, म्हणून माझं जागेपणी पाहिलेलं कोणतं आणि स्वप्नातलं कोणतं, ते विचारू नका.

चोरखमारा गावच्या तलावापलीकडं मी बिजा म्हणतात ते टणक लाकडाचं झाड होतो. वादळात पडलो. कवडू नावाच्या गोंड माणसानं मला खांद्यावर घेतलं आणि गोंडीत गुणगुणत गावात आणलं. सुतारानं तासलं, पायात लोखंडी कडं ठोकलं, आणि आज या घरची बुढी असलेल्या देवकाबाईच्या सासरी आलो.

मग काय, भात कांडणं. घरच्या पोवार जातीच्या बायांनी कांडलं, गोंड बायांनी कांडलं, भाताच्या रोवणीला छत्तीसगडहून येऊन इथंच राहिलेल्यांनी कांडलं. तीन बोलींची गाणी एका उखळात पडायची. तांदूळ सगळ्यांनी खाल्ला, कोणाला काही झालं नाही.

लग्नाची हळद कांडायची म्हटली की मात्र डोळे वटारले जायचे. मला आंब्याची पानं बांधायची आणि धरायला पाच सवाष्णी, पाचही आपल्याच जातीच्या.

भाताची गिरणी आली, मी कोठीमागं गेलो. अंगावर कोंबड्या बसायच्या. गुंगीत नुसते आवाज ऐकायचो. पोरं नागपूरला गेली, घरातली पोवारी बोली विरळ झाली, अंगणात हिंदी शिरली. मग एक दिवस अगदीच नवी बोली ऐकू आली. देवकाबाईचा नातू हिमांशू रायपूरला कामाला होता. तिथून त्यानं ओडिशाची बायको आणली, रिंकू.

परवा हिमांशूच्या बहिणीची, रुचिकाची हळद होती. मला धुतलं, पानं बांधली. तिची आई अनुसयाबाई, दोन काकू, शेजारची शामकला, अशा चौघी झाल्या. पाचवी नागपूरहून यायची होती, तिनं फोनवर जमत नाही म्हणून सांगितलं. जातीतल्या बाकीच्या गाव सोडून गेलेल्या, नाहीतर कुंकू पुसलेल्या. रिंकू दाराशी उभी, हात पदराखाली. रुचिका पाटावरून म्हणाली, वहिनीचा हात नसेल तर मी हळद लावून घेत नाही.

खाटेवरून देवकाबाई बोलली, "चौघीच करा. परकी नको."

अनुसयाबाई सासूवर भडकली. "माय, रोवणीले हिचे हात चालते. तुमची पाठ चोळाले चालते. मंग हळदीलेच काऊन नाई चालत?"

मला एक जुनी दुपार दिसली. वैनगंगेपलीकडून, बालाघाटकडून आलेली कोवळी देवका पहिल्यांदा मला धरून उभी होती. बाया कुजबुजत होत्या, नदीपारची आहे, हिचं बोलणं वेगळं, हिची जात कोणी पाहिली? भीतीनं तिनं मला घट्ट आवळलं होतं. पुढं वर्षानुवर्षं तिथंच धरून माझ्या अंगावर तिच्या मुठीचा खळगा पडला. मला वाटलं, आता ओरडून सांगावं.

गरज पडली नाही. बुढी काठी टेकत आली. नवरा गेल्यापासून हळदीला तिला कोणी मला हात लावू दिला नव्हता. आज तिनं लावला. खळग्यावरून बोट फिरवलं आणि रिंकूकडं पाहिलं.

"इथं धर, पोरी. वरतं धरशील त हात सोलटन."

आता पुन्हा कोपऱ्यात आहे. अंगाला हळदीचा वास आहे, डोळे मिटत चाललेत. पुढच्या लग्नाला कुठल्या गावच्या, कुठल्या बोलीच्या बाया येतील, मला ठाऊक नाही. तोवर मला चुलीत घालू नका. आणि जी कोणी दाराशी उभी असेल, तिला आत घ्या. खळगा तयार आहे.