एनिडआँटीकडची दोन वर्षं

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तेवढी सगळी वर्षं मी एनिडआँटींबद्दल ऐकत आले होते. माझा नवरा रसेल आईबापांवाचून वाढला. सरकारी खातं त्याला सांभाळायला आज या घरी, उद्या त्या घरी ठेवायचं. त्यातली दोन वर्षं, नवव्यापासून अकराव्यापर्यंतची, इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात, नेदरकोम गावात एनिड टॅप्स्कॉट नावाच्या बाईंकडे गेली. लहानपणाबद्दल तो बोलला तर तेवढ्या दोन वर्षांबद्दलच बोलायचा. मग खात्याने त्याला तिथून हलवलं. निघायच्या सकाळी एनिडआँटी खोलीबाहेर आल्याच नाहीत. न्यायला आलेली बाई त्याला म्हणाली होती की त्यांना बघवत नाहीये.

त्या ऑगस्टमध्ये कळलं, त्या अजून आहेत, त्याच घरात. गावातल्या पबमागे शेतात तंबू ठोकू देतात. आम्ही आठवड्यासाठी जागा धरली.

पहिले दोन दिवस तो त्यांच्याकडे गेलाच नाही. मला गाव दाखवत फिरला. ओढ्यात मासे पकडायची जागा दाखवली, चर्चची भिंत दाखवली. तिच्यावरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. गोळ्याबिस्किटांच्या दुकानाचं आता लंडनच्या कुणाचं तरी सुट्टीपुरतं घर झालं होतं. दोनदा एनिडआँटींच्या फाटकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. आधी पत्र लिहायला हवं होतं, असं तो म्हणायला लागला.

"बाई नव्वदीच्या आहेत," मी म्हटलं. "तू बस अजून विचार करत."

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. चुरगळू नये म्हणून गाडीत टांगून आणलेला शर्ट त्याने घातला होता. दार त्यांनीच उघडलं. काठी घेऊन चालत होत्या, पण नजर स्वच्छ होती. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी सांभाळलेल्या मुलांचे फोटो होते, वीसेक तरी. रसेल ते एकेक करून बघत गेला आणि शेवटच्यापाशी थांबला. त्यांत त्याचा नव्हता.

त्यांना तो लगेच आठवला नाही. चहा ओतताना आठवला.

"तू सारखा माझ्या मागेमागे असायचास," त्या म्हणाल्या. "मी संडासात गेले तरी दाराबाहेर बसून राहायचास."

रसेल हसला. मनगट मोडलं तेव्हा त्यांनी रात्रभर त्याला मांडीवर घेतलं होतं, ते सांगू लागला. मग म्हणाला, "खात्याने मला नेलं त्या दिवशी तुम्ही बाहेर आला नाहीत. मला कधी राग नाही आला त्याचा."

एनिडआँटींनी चहाची किटली खाली ठेवली.

"खात्याने नाही रे नेलं. मीच फोन केला होता. घेऊन जा म्हणून."

"का?"

"मारामाऱ्या करणारी पोरं मला झेपायची. चोऱ्या करणारी पण. तू मला आई म्हणायला लागलास." मग त्यांनी विचारलं, "पुढे चांगलं घर मिळालं ना तुला?"

"हो. छान मिळालं," रसेल म्हणाला.

पुढे पाच घरं झाली होती. त्यातल्या एका घराच्या खुणा अजून त्याच्या पाठीवर आहेत. मी चहा संपवला. निघताना त्याने त्यांच्याशी हात मिळवला.

तंबूकडे आल्यावर तो सकाळची भांडी घेऊन नळावर गेला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसला. उद्या सकाळी निघू, एवढंच म्हणाला.

सकाळी तो अंघोळीला गेला असताना एनिडआँटी ओल्या गवतातून काठी टेकत आल्या. हातात परसातल्या शेंगांची पिशवी होती.

"त्याला सांग, त्याचा काही दोष नव्हता," त्या मला म्हणाल्या. "तो गेल्यावर मी वर्षभर दुसरं मूल घेतलं नाही. तेवढं सांग त्याला."

"येईलच तो पाच मिनिटांत. तुम्हीच सांगा."

त्यांनी मान हलवली. नाही जमणार म्हणाल्या.

"तेव्हाही नव्हतंच जमलं तुम्हाला," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी गवतावर ठेवली आणि आल्या तशा गेल्या. रसेल केस पुसत आला आणि शेंगा कुठून आल्या म्हणून त्याने विचारलं. गावातली एक बाई देऊन गेली, मी सांगितलं. घरी पोचल्यावर त्याने त्या लोणी घालून उकडल्या. कोवळ्या आहेत म्हणाला, दोनदा वाढून घेतल्या.

त्याच्या मनाला आणखी लागेल म्हणून मी गप्प बसले, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. त्या बाईंना माफी मिळू नये असं मला वाटत होतं. मिळाली नाही, पुढच्या वसंतात त्या गेल्या. रसेल हल्ली लहानपणाबद्दल बोलतच नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, आठवत नाही फारसं. शेजारी बसलेली मी तेव्हा काहीतरी दुसरंच काढते, आणि तो माझ्याकडे आभार मानल्यासारखं बघतो.