शेंदराखालचा हात

"हात लावू नको गं! लांबूनच बग," उमादेवी सुनेवर खेकसल्या, तशी मंजुश्रीनं उचललेली शेंदराची खपली पुन्हा खाली ठेवली.

औसा रस्त्यालगतच्या वीराच्या दगडावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर आज सकाळी आपोआप गळून पडला होता. सगळं गाव जमलं. वीराला शेंदूर लावायचा मान उमादेवींच्या घराचा, तोही फक्त सवाष्णींचा. नवरा गेला तेव्हाच मंजुश्रीचा मानही गेला.

इतिहास शिकलेल्या दिरानं, रुद्रेशनं, ओल्या फडक्यानं दगड पुसला. खाली ढाल-तलवार घेऊन लढणारा शिपाई, पायाशी गुरं. वरच्या चौकटीत तोच मेल्यावर पिंडीपुढे हात जोडून बसलेला. गावाची गुरं सोडवताना पडलेला हा जुन्या काळचा वीर सगळ्यांच्या ओळखीचा. अनोळखी होता तो बाजूला कोरलेला हात. मनगटभर बांगड्यांचा.

"बांगड्यांचा हात म्हंजे सती," रुद्रेश म्हणाला. "वीराची बायको चितेवर चढलेली दिसती."

उमादेवींचे डोळे भरून आले. "ह्याला म्हणत्यात बायको! अन् आमची बगा, नांदेडला जायलीय, हॉस्टेलात भाकऱ्या थापाय."

माना डोलल्या. हे लिंगायतांचं घर. यांच्यात मेलेल्या माणसालाही जाळत नाहीत, मांडी घालून पुरतात. आणि इथं जिवंत बाई जाळल्याचं कौतुक चाललं होतं! बरं, मंजुश्रीच्या नवऱ्यानं, अमरेशनं, कुणाची गुरं सोडवली होती? धाब्यावरून झिंगत येताना मोटारसायकल खड्ड्यात घातली होती. पण आईच्या लेखी तोही वीरच.

"मी उद्या जाणार, आत्याबाई," मंजुश्री म्हणाली. "सृष्टीला घेऊन. नांदेडात इष्णुपुरीला खोली बगितली, शाळा बगितली."

"जा की! तुला कोण धरलंय? पोरीला इचार आदी."

आठ वर्षांची सृष्टी आजीला बिलगून उभी होती. आजीनंच तिच्या हातून दगडाला हळदीकुंकू वाहवलं होतं.

"येतीस न्हवं, बाळा?"

पोरीनं दगडातला हात पाहिला, मग आईचे मोकळे हात पाहिले.

"आई, तू बाबासंगं का न्हाई गेलीस?"

एकानंही पोरीला दटावलं नाही. उमादेवींनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. या पोरीसाठीच मंजुश्री दोन वर्षं सगळं गिळून राहिली होती.

"मग तुझी येणी-फणी कोण केली असती गं?" तिनं कसंबसं विचारलं.

सृष्टीनं जरा विचार केला. "आज्जी," ती म्हणाली.

पोरीला ओढून नेता आलं असतं. पण ती वाटभर तेच विचारत राहिली असती, आणि मंजुश्री इथंच राहिली असती तर जन्मभर.

घरी येऊन मंजुश्रीनं भरलेल्या पिशवीतून सृष्टीचे फ्रॉक काढले, एकेक नीट फळीवर ठेवले. उद्या एकटीनंच न्यायची पिशवी उचलून पाहिली. तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं.