फोरमनचं सॉरी

आमचा फोरमन काही आभाळातून पडला नव्हता. आई मराठी, शाळाही मराठी. पण कारखान्यात पाऊल टाकलं की गुड मॉर्निंग, चहा हातात आला की थँक्यू, आणि कोणाच्या पायावर पाय पडला की सॉरी. सॉरी म्हणायचा आणि त्याच पायावरून पुढे जायचा, लेकाचा!

मोठी ऑर्डर आली तेव्हा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "प्रेसची जाळी काढ ना, प्लीज. काम पटापट होईल." प्रेस म्हणजे पत्रा कापायचं मशीन; त्यात हात जाऊ नये म्हणून ती जाळी असते. पाना माझ्याच हातात होता, खोटं कशाला बोलू? चार बोल्ट, दोन मिनिटांत काढली. त्या प्रेसवर माझा धाकटा भाऊ काम करायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेस खाली आली आणि धाकट्याची चार बोटं पत्र्यासकट तोडून गेली. एवढ्या धडधडाटातही त्याची किंकाळी ऐकू आली. बोटं मी वेचली, रुमालात बांधली. डॉक्टरने रुमाल उघडून बघितला आणि परत बांधला.

दुसऱ्या दिवशी फोरमन दवाखान्यात हजर. हातात 'गेट वेल सून' लिहिलेलं रंगीत कार्ड.

"हाय चॅम्प! व्हेरी सॉरी हं," म्हणाला आणि कार्ड उशाशी ठेवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला. "सॉरी गेलं चुलीत! माझं चुकलं म्हण!"

"अरे, सॉरी म्हटलं ना... रिलॅक्स..."

एक ठेवून दिली. ओठ फाटला. दुसऱ्या ठोशाला दात हलला, तिसऱ्याला नाकातून धार लागली. नर्स ओरडत होती. दोनच शब्द हवे होते मला, पण ते म्हणायला त्याची जीभ वळेना.

शेवटी रक्त गिळत तो म्हणाला, "चुकलं... माझं चुकलं." तरी मी मारतच होतो.

"दादा, सोड त्याला," खाटेवरून धाकटा म्हणाला. "त्याने म्हटलं. आता तू म्हण."

माझा हात खाली आला. फोरमन भिंतीला टेकून बसला. मी खाटेजवळ गेलो. भावाच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून बँडेजकडे बघत म्हणालो, "चुकलं रे माझं. जाळी मी काढली."

"माहीत आहे. मी मागेच उभा होतो," तो म्हणाला. "तू काढत होतास, म्हणून तर काही बोललो नाही."