मध्यमवर्गाचा पत्ता

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "डायलिसिसची सवलत बंद झालीय. तुम्ही आता मध्यमवर्गात आलात."

"आलो म्हणजे? पगार तर तोच आहे," मी म्हणाले.

"पत्ता बदललाय ना?"

बदलला होता. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. सवलत धरूनही झेपेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच हट्टाने घर मोठ्या रस्त्यापलीकडे हलवलं. नव्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, पण भाड्यात वाचलेल्या पैशांत औषधं भागत होती.

बाईंनी पेनाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तक्ते वाचण्यावरच माझं पोट आहे. प्रत्येक विभागातली घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावायची, बरोबर मधलं घर धरायचं. त्याच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत सगळे मध्यमवर्गीय. त्याखालच्यांना सवलत. जुन्या विभागात आम्ही त्या रेषेखाली होतो. नव्या विभागातलं मधलं घरच इतकं गरीब, की आम्ही आरामात वर. गणितात चूक नव्हती. त्याचाच जास्त संताप आला.

"म्हणजे गरिबांत राहायला गेलो म्हणून आम्ही श्रीमंत झालो?"

"श्रीमंत नाही, मध्यम. आणि माझ्यावर कशाला डाफरताय, ताई? मीही रस्त्याच्या तुमच्याच बाजूला राहते. माझ्या सासूला पण मिळत नाही."

"चल," मागून बाबा म्हणाले. "लोक खोळंबलेत."

बाबांनी तीस वर्षं लेथवर काढली. कुणाकडे मदत मागायचा विषय निघाला की म्हणायचे, "आपण मध्यमवर्गीय माणसं, हात पसरायचा नाही." बाहेर आल्यावर माझ्या तोंडून निघालंच, "घ्या. आता शिक्क्यासकट झालात." ते हसले नाहीत. मी जीभ चावली.

तिथून थेट जुन्या घरमालकीण काकूंकडे गेलो. आमच्या खोल्या त्यांनी केव्हाच दुसऱ्यांना दिल्या होत्या. पण प्रकार त्यांना न सांगताच कळला. असं विचारत येणारे आम्ही पहिले नव्हतो. त्यांनी जिन्याखालचं अडगळीचं दार उघडलं. आत दोन बादल्या, एक मोडकी खुर्ची.

"याचा करार करून देते. पत्ता जुनाच राहील," असं म्हणून त्यांनी महिन्याचं भाडं सांगितलं. नव्या घरामुळे आमचं जेवढं वाचत होतं, जवळजवळ तेवढंच. तरी सवलत त्याहून मोठी होती. हे गणित त्यांनीही करून ठेवलं होतं.

बाबांनी खिशातून मोजपट्टी काढली. सवयच ती. रुंदी घेतली, खोली घेतली, उतरत्या बाजूची उंची घेतली.

"चार बाय तीन," ते म्हणाले. "पाय दुमडले तरी मी यात मावत नाही."

"तुम्हाला कोण मावायला सांगतंय, बाबा? तुमचं नाव मावलं की झालं."

माझा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला. वर कुणीतरी दार लावून घेतलं. काकूंनी कागद पुढे केला. बाबांनी आधी मोजपट्टी पूर्ण गुंडाळली, मग करारातल्या 'राहण्यासाठी' या शब्दावर बोट ठेवलं.

"आणि कुणी बघायला आलं तर?"

"तर आत जाऊन बसायचं," काकू म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

बाबांनी सही केली. इतकी दाबून, की खालच्या कोऱ्या कागदावरही त्यांचं नाव उमटलं.