पिवळी सवत

काकूंनी खुरपं स्वतःच्या हातात घेतलं आणि पिवळ्या फुलाभोवतीची माती सैल करायला सुरुवात केली.

"काकू, द्या इकडे. देठ तुटेल," सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणाली. आता तीही सरांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती.

"नाही तुटत. तू भिंग काढ."

या फुलापायी सर दर वर्षी टेकड्या पालथ्या घालायचे. फार पूर्वी कुणीतरी ते याच भागात पाहिलं होतं. नंतर कुणालाच सापडलं नाही. "तूही चल की," निघताना ते म्हणायचे. "तुमची ती पिवळी सवत तुम्हालाच लखलाभ," असं म्हणत काकू दार लावून घ्यायच्या. गेल्या हिवाळ्यात सर गेले. यंदा विद्यार्थिनी निघणार हे कळताच काकूंनी आपण होऊन फोन केला.

कंद वर आला. जेमतेम लसणाच्या पाकळीएवढा.

"फुलं दोन्ही जातींची सारखीच," विद्यार्थिनी म्हणाली. "फरक कंदाच्या सालीत. जाळीदार असली तर आपली. गुळगुळीत असली तर साधी, कुठेही उगवणारी."

काकूंनी अंगठ्याने माती पुसली. विद्यार्थिनी भिंगातून बराच वेळ पाहत राहिली, मग तिने भिंग काकूंना दिलं. साल कांद्यासारखी तुळतुळीत होती.

"सॉरी काकू. उगाच एवढं चढायला लावलं तुम्हाला."

काकूंनी कंद होता तसा खळग्यात ठेवला, माती लोटली, तळहाताने हलकेच दाबली.

"असं झालं की सर काय करायचे गं?"

"सर?" विद्यार्थिनीला हसू आलं. "जेवायला बसायचे. पण दोन पोळ्या कायम बाजूला ठेवायचे. म्हणायचे, हिने आज मनावर घेतलं आणि आली चढून, तर उपाशी नको."

काकूंच्या हाताला माती होती, म्हणून त्यांनी मनगटाने डोळे पुसले. ओढ्यापलीकडे दुसरी टेकडी उन्हात उभी होती.

"ती बघितली होती त्यांनी?"

"नाही. तिकडे धड वाटच नाही. आणि तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांना कोण विचारतंय," काकू म्हणाल्या आणि उठण्यासाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.