आठवी बाग

शेवटच्या साध्या दिवशी आबा, माझे वडील, ओसरीवर बसून म्हाळसाबाईंच्या न्हाणीघराची भिंत मोजत होते. कागदावर. नगरपालिकेतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती, पण नामंजूर झालेला बांधकामाचा अर्ज घेऊन रोज कुणी ना कुणी दारात येई. तीस वर्षे ते तिथे आरेखक होते. गावात कुणाचा उंबरा रस्त्यापासून किती फुटांवर आहे, हे त्या घरातल्या माणसांपेक्षा त्यांना जास्त माहीत असे.

“भिंत कुंपनाला टेकली म्हनून न्हाय म्हनत्यात,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“टेकली न्हाय, सव्वा फूट पलीकडं गेलीय. शेजारणीच्या जाग्यात बसून आंघोळ करणार का तुमी?”

“ती काय बोलायची न्हाय. दोन वर्सं झाली, ती माझ्यासंगं बोलतच न्हाय.”

“अर्जावर बोलंल की.”

आतून आई हसली. मी बारामतीच्या शाळेतून दोन दिवसांची रजा काढून आले होते आणि पायरीवर शेंगा सोलत होते. म्हाळसाबाई भिंत मागे घ्यायचे कबूल करून, पण फक्त एक फूट, निघून गेल्या. मग आबांनी खिशातून नोटीस काढली. गावाची सुधारित विकास योजना चालू होती. पुढच्या वीस वर्षांत घरे कुठे, दुकाने कुठे, बागा कुठे, हे ठरवणारा नकाशा. बुधवारी शाळेसमोरच्या जागेचे मालक गेणबा यांच्या हरकतीची सुनावणी होती आणि जुना नकाशा काढणाऱ्या आरेखकाने हजर राहावे, असे नोटिशीत लिहिले होते.

“करुणे,” ते म्हणाले, “ते हिरवं मीच भरलं आसंल का गं?”

हा प्रश्न मी सोळा वर्षे ऐकत होते.

“चहा ठेवू का?” मी विचारले.

“ठेव.”

ते हिरवं मी भरलं होतं.

आमचे गाव बारामतीहून इंदापूरला जाताना अंथुर्ण्याच्या पुढे लागते. नगरपालिका आहे म्हणून त्याला शहर म्हणायचे. ऐंशी साली पहिली विकास योजना तयार होत होती. कचेरीत वीज राहत नसे, म्हणून आबा रविवारी नकाशा घरी आणून दारातल्या उजेडात रंगवत. राहण्याच्या जागेला पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. मी नऊ वर्षांची होते आणि मला त्या पेन्सिलींना हात लावायची परवानगी नव्हती.

आमच्या शाळेसमोर गेणबांची मोकळी जागा होती आणि तिच्यात चिंच. त्याच आठवड्यात गेणबांनी मला चिंचेवरून खाली उतरवले, फ्रॉकच्या ओच्यातल्या चिंचा रस्त्यावर ओतायला लावल्या आणि पुन्हा दिसलीस तर तंगडी मोडीन, असे सांगितले. रविवारी आबा जेवायला उठले तेव्हा मी नकाशावर शाळा शोधली. तिच्यासमोरचा चौकोन पिवळा व्हायचा राहिला होता. तो मी हिरवा केला. रंग रेघेबाहेर जाऊ दिला नाही. ते आबांनीच शिकवले होते.

कचेरीत कामाची एक रीत होती. नकाशा आधी, आरक्षित जागांची यादी नंतर. आणि यादी करायची ती नकाशावरून मोजून. सोमवारी आबांनी बागा मोजल्या तर आठ भरल्या. त्यांना सात आठवत होत्या. पण शनिवारी पुण्याहून आलेले नगररचनेचे साहेब नकाशावर वाकून बराच वेळ काहीतरी करत होते; त्यांनीच वाढवली असणार. साहेबांना विचारणे बरे दिसेना. साहेबांनी यादी वाचली आणि आठवी बाग मुख्याधिकाऱ्यांना हवी असेल, असे धरून चालले. मुख्याधिकाऱ्यांना वाटले, नगराध्यक्षांची इच्छा. नगराध्यक्षांना वाटले, पुण्याचा हुकूम. सगळ्यांनी सह्या केल्या.

गेणबांनी हरकत घेतली तेव्हा तर कहर झाला. आठवी बाग कुणाची हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाने तिची बाजू जोरात लावून धरली. शाळा जवळ आहे. वारा पश्चिमेकडून येतो. वाढत्या वस्तीला मोकळ्या हवेची गरज आहे. हरकत फेटाळली गेली आणि आठवी बाग सरकारी मंजुरी घेऊन परत आली.

बाग काही झाली नाही. फक्त ‘बगीच्यासाठी आरक्षित’ असा लोखंडी फलक लागला. गेणबांना तिथे घर बांधता येईना, म्हणून त्यांनी फलकाच्या खांबाला म्हैस बांधली. अभियंता सांगायला गेला तर म्हणाले, “बागंत म्हस चालत न्हाय, आसं कुठं लिवलंय? दाव.” अभियंत्याने नियम चाळून पाहिले. खरोखरच लिहिलेले नव्हते.

आठवी बाग कुणी घातली याचा शोध सुरू झाला तो आबांपाशी येऊन थांबला, कारण यादीवर अक्षर त्यांचे होते. गावाला कारण शोधावे लागले नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा गेणबांचे वडील आमच्या वस्तीवर येऊन काय काय बोलले होते, ते अजून लोकांच्या लक्षात होते. भानुदासाने, म्हणजे आबांनी, नकाशातून त्याचा वचपा काढला, असे पारावर ठरले. काही जणांनी आबांना बाजूला घेऊन शाबासकीही दिली. ती त्यांना जास्त लागली.

त्यांना स्वतःला मात्र काही आठवत नव्हते. पेन्सिल त्यांची, दाब जवळजवळ त्यांच्यासारखा. आपल्या हाताने आपल्या नकळत असे केले असेल, तर आत कुठेतरी तो राग होता म्हणायचा, हा विचार त्यांनी सोडला नाही. पुढे ते सगळे तीनदा मोजू लागले. नकाशातल्या खोल्या, कचेरीच्या किल्ल्या, ताटातल्या भाकऱ्या. आई म्हणायची, “मोजा, मोजा. चौथी भाकर पुण्याच्या सायबानं ठिवली आसंल.”

मी आधी माराच्या भीतीने बोलले नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांची नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. मग मी शिकले, पुष्कळ वाचले, वर्गात मुलांना खरे बोलण्यावर निबंध लिहायला लावले आणि लाजेने बोलले नाही. ते निवृत्त झाल्यावर यातले एकही कारण उरले नव्हते.

त्या दिवशी चहा पिऊन आबांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. “बुधवारी सांगून टाकतो, माझ्याच हातून झालं म्हणून. गेणबाला घर तरी बांधू दे,” ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी शेजारच्या भीमाकाकांना पायऱ्या रस्त्यावर आल्यात म्हणून टोमणा मारला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, मोजून. सकाळी दाढीला बसले, अर्धा गाल झाला आणि ते भिंतीला टेकले. डॉक्टर येईपर्यंत साबण वाळला होता.

सुनावणी पंधरा दिवस पुढे गेली. जलदान विधीला नगरपालिकेतली झाडून सगळी माणसे आली. समाधान उशिरापर्यंत खुर्च्या उचलत राहिला. आबांच्या हाताखाली शिकलेला, आता त्यांच्या जागेवर बसणारा. शेवटी तो माझ्याजवळ आला.

“ताई, सांगू का नको, आसं झालंय.”

“सांगा.”

“गेणबातात्याची जागा मोकळी करायला समदे तयार हायेत. पर आरक्षण का घातलं आणि का काढलं, हे लिवाया लागतंय. तात्या हटून बसलाय, जुन्या आरेखकानं आकसापोटी घातलं आसं लिवा म्हनतो. सायबबी म्हनले, तसं लिवलं की फाईल सुटती.” त्याने मान खाली घातली. “आबा तर आता न्हाईत. कुनालाच तरास न्हाय, म्हनले.”

आईने ते ऐकले. मग म्हणाली, “तू जा. काय लिवत्यात बगून ये. त्यांचा कागदावर लई इस्वास हुता.”

सभागृहात एक लांब टेबल, टेबलावर जुना नकाशा. समितीचे अध्यक्ष अप्पा मधोमध बसले होते. ऐंशी सालीही ते नगरसेवक होते. शेजारी पुण्याहून आलेले नवे साहेब. समोरच्या बाकावर गेणबा, सत्तरी ओलांडलेले, धुतलेल्या टोपीत, बरोबर नातू ऋषिराज. मला पाहून गेणबांनी टोपी सारखी केली.

“भानुदासाची पोर का तू? बस. वाईट झालं.” मग जरा थांबून, “मानूस बरा हुता. माझ्या जाग्याचं सोडून.”

साहेबांनी विचारले, “हे आरक्षण मुळात कशासाठी घातलं होतं?”

अप्पांनी नकाशाकडे पाहिले, छताकडे पाहिले. “वारा,” ते म्हणाले. “पश्चिमेचा वारा.”

“वारा सोळा वर्सं म्हस खातीया,” गेणबा म्हणाले. “अप्पा, सरळ लिवा की. तुमी सही केली, ह्यांनी केली, पर घातलं कुनी? भानुदासानं. आमच्या बाचा राग माझ्या जाग्यावर काढला. ऋषीचं लगीन ठरलंय. म्हशीच्या शेजारी नांदवू व्हय सून?”

“तात्या, गेलेल्या माणसावर...” अप्पांनी हात हलवला, पण नको म्हटल्यासारखा नाही.

“गेल्याला काय, राहिलो त्यांचं बगा.”

साहेब थकल्यासारखे समाधानकडे वळले. “लिहा. सदर आरक्षण तत्कालीन आरेखकाने वैयक्तिक आकसापोटी दर्शविल्याचे दिसून येते.”

समाधानने ‘सदर आरक्षण’ लिहिले. ‘तत्कालीन’ लिहिले. मग पेन झटकले, जणू शाई थांबली आहे. बॉलपेन होते ते.

मी नकाशापाशी गेले. सोळा वर्षांत पिवळा विटला होता, हिरवा तसाच होता. इतर सात बागांवर आबांच्या आडव्या, एकसारख्या रेघा होत्या. आठवीवर उभ्या. कुणी दोन बागा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तरी कळले असते. आबांनी किती वेळा पाहिल्या असतील. मला वाटले, कदाचित त्यांना दिसले असेल. कदाचित त्या दिवशीही दिसले होते, आणि म्हणून त्यांनी मला विचारले, इतर कुणाला नाही.

“बाई, काही म्हणायचंय का तुम्हाला?” साहेबांनी विचारले.

“हो,” मी म्हणाले. “हे माझ्या आबांनी भरलेलं नाही. मी भरलं. तात्या, तुम्ही मला चिंचेवरून उतरवलं होतं आणि ओच्यातल्या सगळ्या चिंचा रस्त्यावर ओतायला लावल्या होत्या. त्या रविवारी आबा जेवायला उठले आणि मी तुमची जागा हिरवी केली.”

ऋषिराजला हसू येत होते आणि ते तो आवरत होता.

“पर तू केवढी आसशील तवा?” गेणबांनी विचारले.

“नऊ वर्षांची.”

“नऊ वर्सांच्या पोरीनं,” अप्पा सावकाश म्हणाले, “शहराचं आरक्षण घातलं?”

“घातलं. आणि तुम्ही सह्या केल्यात. वारासुद्धा तुम्हीच आणलात.”

गेणबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आन भानुदासाला हे म्हाईत न्हवतं?”

“मी त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटच्या दिवशीही विचारत होते. मी चहा ठेवते म्हणाले.” मी नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. “समाधानभाऊ, थांबू नका, लिहा. आकसापोटी हा शब्द राहू द्या, तो बरोबर आहे. आरेखकाने हा तेवढा खोडा, आणि तिथं माझं नाव घाला. पूर्ण नाव. करुणा भानुदास लोंढे. माझ्या आबांनी काही केलं नव्हतं. मी केलं.”