भारा पुरला नाही

चंद्रकलाबाईंनी मोजपट्टी मातीत टेकवली, रोपाची शेंड्याची पात सरळ केली आणि आकडा वहीत लिहिला. भाजलेल्या वाफ्यातली वीस रोपं, न भाजलेल्या वाफ्यातली वीस. पहिल्यांची सरासरी उंची एकोणीस सेंटिमीटर, दुसऱ्यांची अठरा पूर्णांक नऊ. तण दोन्हीकडे नाही. मुरबाडहून पहिल्या एसटीनं धसई, तिथून जीपच्या मागच्या फळीवर अर्धा तास, त्यामुळे पाठ आधीच धरली होती. तरी त्या वाकूनच राहिल्या. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना इतके जुळणारे आकडे रुचत नसत.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. या भागात भाताची रोपं करायची तर आधी राब भाजायचा. ऐनाच्या झाडाची टहाळं, शेण, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवून द्यायचा, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. टहाळं डोंगरावरून डोक्यावर आणायची ती बायकांनी आणि पोरींनी. माघ लागला की वर्गातली मुलींची बाकं रिकामी व्हायला लागत. आठवीतली भागीरथी त्या वर्षी तेवीस दिवस गैरहजर होती. बाईंनी हजेरीपटावरून मोजलं होतं.

शाळेत आठवड्यातला एक दिवस हातानं काम करून शिकायचा. मुलं विजेचा बोर्ड जोडत, जमीन मोजत, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासत. वाफ्यांचा प्रयोग त्यातलाच. अर्धी जागा भाजायची, अर्धी नाही. बी मात्र एकच, मिठाच्या पाण्यात बुडवून निवडलेलं. न भाजलेला वाफा तगला असता, तर गावाला दाखवता आलं असतं की भारे वाहायची गरज नाही. बाईंना ते तेवीस दिवस सोडवायचे होते, बाकी काही नको होतं.

गावानं चेष्टा केली. शेजारच्या शेताच्या बांधावरचा धाऊ तर रोज विचारायचा, "बाई, राब नाय भाजला तर भात काय उन्हानं भाजनार?" बाई हसून पुढे जात. मे महिन्यात त्या सुट्टीवर गेल्या, आणि शाळा उघडायच्या आत गणू शिपायानं दोन्ही वाफे नांगरून पेरून टाकले.

आज ठाण्याहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. कामाचा दिवस पुढे चालू ठेवायचा की ते तास गणिताला द्यायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

बाईंनी न भाजलेल्या वाफ्यात बोट खुपसून माती उकरली. दोन इंचांवर कोळशाचा खडा लागला. आणखी एक वीत पुढे उकरलं. पुन्हा कोळसा.

भागीरथी झारी घेऊन जवळच उभी होती. बाईंनी खडा तळहातावर धरला.

"हा वाफा कोणी भाजला गं?"

ती पायाच्या अंगठ्यानं चिखल रेटत राहिली. "मी."

"कधी?"

"सुट्टीत. आमचा राब भाजला तवाच."

"आणि कशाला?"

"सगली हसत व्हती तुमाला. धाऊकाका बोलला, बाईचं भात आलं तर मी मिशी काढीन."

"काढू द्यायची होतीस."

"आनि नाय आलं असतं मंग? तुमी बदली मागून गेल्या असत्या. आदीच्या बाई गेल्या तशा."

"टहाळं कुठून आणलीस?"

"डोंगरावरून. सहा भारे. आईला नाय सांगितलं."

बाई बांधावर बसल्या. भारे वाचावेत म्हणून प्रयोग मांडला, आणि त्याच प्रयोगापायी पोरीनं सहा भारे जास्त वाहिले. रागवायला त्राण लागतं, तेही नव्हतं.

"अगं, दोन्ही भाजलेस तर तुलना कशाशी करायची?"

"पन रोपं चांगली आली ना, बाई?"

साहेब अकराला आले. हेडसर छत्री धरून त्यांच्या मागे. वाफ्यांपाशी बाईंनी सरळ सांगितलं, "सर, प्रयोग बाद झाला. दुसरा वाफाही भाजला गेलाय." हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

"पण रोपं तर छान आहेत," साहेब म्हणाले.

"छान आहेत. पण त्यावरून काही कळत नाही."

"मॅडम, माझ्या तक्त्यात 'प्रयोग बाद' असा रकानाच नाही." त्यांनी घड्याळ बघितलं, 'समाधानकारक' लिहिलं आणि सही केली.

साहेबांची जीप गेल्यावर हेडसर म्हणाले, "वाचलो. तुम्ही आज बुडवलंच होतं."

कामाचा दिवस वाचला होता. बाईंना मात्र वही मिटवेना. त्यांनी 'बाद' लिहिलं आणि त्याखाली उगीच एक रेघ मारली.

मुली तण बघायला वाफ्यात उतरल्या. भागीरथी दुसऱ्या वाफ्याच्या कुंपणाकडच्या कडेला बसून गवत उपटत होती. ती कडा बाईंनी सकाळी मापातून वगळली होती. कडेची रोपं मोजायची नसतात, असा नियम.

"तिथं एवढं गवत कसं?" बाईंनी विचारलं.

"भारा पुरला नाय. इथवर आला आनि संपला."

बाई उठल्या. कडेला बोट खुपसलं. माती, मुळं, एक गांडूळ. कोळसा नाही. आणखी चार ठिकाणी बघितलं, नाही. वीतभर रुंदीची पट्टी, वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी वीस रोपं मोजली. सरासरी पंधरा सेंटिमीटर. पात जरा फिकी, पण उभी होती, आणि उपटून बघितली तर मूळ दाट.

"लावणीला चालतील?"

भागीरथीनं एक रोप चिमटीत फिरवलं. "चालतील. चार-पाच दिस उशिरा. आनि येक निंदनी जास्त." तिनं रोप परत मातीत खोचलं. "आमच्या घरी भारे चालीस लागतात, बाई."

"धाऊची मिशी?"

"अर्दी," भागीरथी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा दोघी हसल्या.

मग बाईंमधली शिक्षिका जागी झाली. "हे बघ, पट्टी लहान आहे, कुंपणाची सावली आहे, तण मधेच काढलंय. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

"मना सिद्द नाय करायचं," भागीरथी म्हणाली. "आईला दाखवायचंय. उद्या घेऊन येऊ?"

बाईंची दुपारची जीप रस्त्यावर हॉर्न देत होती. त्यांनी वही पिशवीत टाकली, मोजपट्टी मात्र बाहेर ठेवली.

"आण. आणि उरलेलं गवत आता राहू दे. तिला ते पण दिसू दे."